तलावाचे बारा फोटो

परवा चंद्रपूरहून एक बाई आल्या होत्या. कॉलेजात शिकवतात. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या म्हाताऱ्याकडे ऐंशीच्या सुमाराचे तलावाचे, रानाचे फोटो आहेत, ऋतूवार काढलेले, एकाच जागेवरून. त्यांना प्रदर्शन भरवायचं होतं. मी म्हटलं, आहेत. त्यांचा चेहरा खुलला. मग म्हटलं, पण देणार नाही. त्या बिचाऱ्या अर्धा चहा ठेवून गेल्या आणि बायको माझ्यावर खेकसली, "घरी आलेल्या मानसाशी असं बोलतेत काय?" मी तिरसट आहे हे ती मला चाळीस वर्षांपासून ऐकवते आहे, त्यात नवीन काही नाही. पण त्या दिवशी तो तिरसटपणा नव्हता. ते फोटो चांगले आहेत, म्हणूनच मी ते कुणाला देत नाही. कसं ते सांगतो.

राजुऱ्याहून गडचांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बाजाराच्या गावात माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागं फळ्या ठोकून केलेली अंधारखोली, आणि भिंतीवर एक पडदा. पडद्यावर नागपूरच्या पेंटरनं निळं सरोवर, दोन हंस आणि पायऱ्यांचा बंगला रंगवला होता. आमच्या भागातली नवी जोडपी त्या बंगल्यापुढं उभी राहून गेली. दिवसभर माणसंच माणसं. हनुवटी वर घ्या, डोळे मिटू नका, हसू नका, आता जरा हसा. दुपारी निगेटिव्हवर पेन्सिल घासत बसायचं, कुणाचे देवीचे व्रण बुजवायचे, कुणाला थोडं गोरं करायचं. खरं सांगतो, माणसांच्या तोंडांचा मला वीट आला होता.

समोर न्हाव्याचं दुकान होतं. तिथं कुठल्यातरी परदेशातलं एक जुनं कॅलेंडर टांगलेलं होतं. बारा महिन्यांची बारा चित्रं. बर्फाचे डोंगर, तळं, सुरूची झाडं, आणि माणूस औषधालाही नाही. दाढी करून घेताना मी तेच पाहत बसायचो. मला वाटायचं, फोटो म्हणावा तर हा. आपण काय काढतो, रोजगार कार्यालयाच्या कार्डावर चिकटवायची थोबाडं.

म्हणून मी तलाव शोधला. सायकलनं दीड तास लागायचा. टेकड्यांच्या पायथ्याशी एक गाव होतं, नाव लिहीत नाही. वरच्या मोहल्ल्यात कुणब्यांची घरं, पलीकडं गोंडांच्या घरांचा टोला, आणि खाली तलावाच्या पाळीला लागून ढिवरांची अकरा घरं. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. जुन्या जमीनदाराच्या काळात बांधलेला, त्यावर मोहाची जुनी झाडं. ढिवरांकडं शेत नव्हतं, कुणाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. बाप-आजापासून ते त्या पाण्यातले मासे, झिंगे, शिंगाडे यांच्यावर जगत होते.

पाळीच्या मावळतीच्या टोकाला एक चपटा दगड होता. त्यावर कॅमेऱ्याची तिपाई बरोबर बसायची. तिच्या तीन पायांसाठी मी छिन्नीनं तीन खाचा कोरून घेतल्या, म्हणजे दर वेळी तीच जागा, तीच उंची, तीच टेकडी डाव्या कोपऱ्यात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुकान बंद असायचं, तेव्हा जायचो. महिन्यातून एकदा तरी. असं मी तीन वर्षं केलं. त्याच काळात गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, लोक त्याच्या गप्पा मारायचे, आणि मी या महिन्यात पाणी कुठवर आलं असेल ते डोक्यात घोळवत बसायचो.

पोळ्याच्या सुमारास पाणी मोहाच्या बुंध्याला लागायचं. दिवाळीनंतर गाळ खाली बसायचा आणि सगळी टेकडी पाण्यात उलटी दिसायची. पुसाच्या थंडीत धुकं असं दाट की समोरचा काठ दहा वाजेपर्यंत सापडत नसे. होळीला पळस फुलायचा, पण माझा रोल काळापांढरा, त्यात तो राखाडीच यायचा, मला त्याचा राग यायचा. चैत्रात मोह गळायचा, रानात कुठंकुठं आग लागायची आणि टेकडीवर निळसर धूर बसायचा. जेठात सगळीकडं चिखलाच्या भेगा, पण मधला डोह मात्र कधी आटला नाही. त्यात आठ-दहा बगळे उभे असायचे. हे सगळं मी काढलं. सुंदर काढलं, हे मी आजही म्हणतो.

आता तलाव म्हटला की माणसं आलीच. सकाळचा उजेड चांगला असतो तीच ढिवरांची जाळं काढायची वेळ. त्यांच्यात एक पन्नाशीचा माणूस होता, काटक, कमी बोलणारा. अकरा घरं त्याचं ऐकायची. त्याचा डोंगा, म्हणजे लहान होडी, सगळ्यात आधी पाण्यात असायचा, आणि नेमका माझ्या कॅमेऱ्याच्या काचेच्या मधोमध. मी दगडावरून ओरडायचो, "भाऊ, जरा बाजूले व्हा जी."

माझा कॅमेरा दोन भिंगांचा, वरून वाकून काचेत पाहायचा. त्या काचेत सगळं उलटं दिसतं. माणूस डावीकडं सरकला की काचेत उजवीकडं जातो. मी काचेत बघून हात हलवायचो आणि डोंगेवाला बरोबर चुकीच्या बाजूला जाऊन आणखीच मधे यायचा. काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. तोही हसायचा आणि विचारायचा, "कोन्या अंगानं जाऊ सांगा ना जी." शेवटी तो डोंगा बेशरमीच्या झुडपांमागं नेऊन उभा करायचा आणि बिडी ओढत बसायचा. कधी पाव तास, कधी अर्धा. ढग सरकायची मी वाट पाहायचो आणि तो माझी.

एकदा त्यानं विचारलं, "आमी असलो तं काय बिघडते जी?"

मी म्हटलं, "तुमी असले की डोळा तुमच्याकडं जातो. पाण्याकडं जात नाही."

त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "बरं." पुढच्या खेपेपासून माझी सायकल दिसली की तो स्वतःच झुडपांमागं जाऊ लागला. जाताना बाकीच्या डोंग्यांनाही हाक मारून घेऊन जायचा. मला फार बरं वाटलं. म्हटलं, समजदार माणूस आहे.

मोह वेचणाऱ्या बायांचं मात्र तसं नव्हतं. त्या पहाटेपासून टोपल्या घेऊन झाडांखाली असायच्या. "बाई, पाच मिनिटं" म्हटलं की उठायच्या, पण तोंड चालू ठेवून. त्यातली एक मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची, "याच्या फोटूपायी मोह गाई खाऊन राह्यल्या." मी ऐकलं न ऐकल्यासारखं करायचो. जाळी वाळत घातलेली असायची तीही मी गुंडाळून घ्यायला लावायचो. एकदा तर गुरं हाकलून लावली. आज हे लिहिताना मलाच माझी कीव येते. पण तेव्हा माझ्या अंगात एखाद्या जमीनदाराचा रुबाब आला होता, आणि तो कुणी मला दिला नव्हता, मीच घेतला होता.

बाबा तेव्हा माझ्याकडंच राहत होते. त्यांची सगळी नोकरी आलापल्लीला गेली, लाकडाच्या डेपोत, सागाच्या ओंडक्यांवर घणानं नंबर मारण्यात. बोलणं कमी. एका दुपारी मी तलावाचे फोटो वाळवायला काचेवर मांडले होते, तर ते चष्मा लावून एकेक पाहू लागले. बराच वेळ पाहिलं.

"लोकं कुठी गेले रे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, ही सीनरी हाये. सीनरीत लोकं नसतात."

"तलाव हाये ना? तलावावर लोकं असतेत."

"मी बाजूला करतो त्यांना. फोटो घान होते."

बाबांनी फोटो खाली ठेवला. "आपल्याले घाटावरून हटवत होते ना," ते म्हणाले, "तवा बी तलाव असाच मोकळा दिसत असन."

हे मी आधी ऐकलेलं होतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्याच्या आधीच्या गोष्टी बाबा कधीमधी सांगायचे. वरचा घाट आमच्या लोकांसाठी नव्हता. वरची माणसं पाणी भरून जाईपर्यंत माझी आजी घागर घेऊन लांब उभी राहायची. पण त्या दिवशी मला चीडच आली. मनात म्हटलं, या माणसाला प्रत्येक गोष्टीत तेच दिसतं, साधा फोटोही धड पाहू देत नाही. मी फोटो गोळा केले आणि अंधारखोलीत निघून गेलो.

मग तिसऱ्या वर्षाच्या शेवटी, वैशाखात, डोंगेवाला माझ्या स्टुडिओत आला. सोबत आणखी दोघं. बाकावर बसा म्हटलं तर बसेनात. त्यानं बंडीच्या आतून घडी घातलेला कागद काढला.

"फोटोवाले भाऊ, हा कागद आला. वाचा बरं."

मी कागद वाचला. टेकडीत चुन्याचा दगड होता, सिमेंटच्या कारखान्याला हवा असतो तो. टेकडी आणि तिच्या पायथ्याची जागा खाणीला द्यायचं घाटत होतं, आणि पायथ्याच्या जागेत तलाव येत होता. चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं की हा तलाव होळीच्या आतच आटतो, त्यात मासेमारी होत नाही, आणि गावाचा त्यावर निस्तार नाही. निस्तार म्हणजे गावानं आपल्या पाण्याचा, रानाचा वापर करायचा हक्क. ज्यांची हरकत असेल त्यांनी अमुक दिवशी पुराव्यासह हजर राहावं. तो दिवस तीन आठवड्यांवर होता.

"होळीत आटते म्हन्ते," डोंगेवाला म्हणाला. "कवा पाह्यलं यायनं? आमाले तं सारं पाठ हाये, कोन्या महिन्यात पानी कुठवर रायते. पन आमी सांगून सायबाले पटन काय? तुमच्यापाशी बारा महिन्याचे फोटो हायेत ना?"

"आहेत."

"तलाव गेला तं आमी अकरा घरं कुठीच नाई जी," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. भाव विचारावा तसं बोलला.

मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं आणि आठवलं की कान तापतात. मी म्हटलं, "चिंता नका करू भाऊ. माझे फोटो बोलतील."

जाताना दारात थांबून त्यानं विचारलं, "तुमी म्हनत असान तं आमी सारे डोंगे काढतो, जाळे टाकतो. येऊन काढता काय एक-दोन? आमी पानी धरून कसे जगतो थे बी दिसन."

आणि मी, शहाण्यानं, काय सांगावं? "आता कायले? वैशाखाचा उजेड भकास असतो, आभाळ पांढरं फटक. त्यात काही दम येणार नाही. माझ्याजवळ आहेत ते एक नंबर आहेत." तो "बरं" म्हणाला. तोच त्याचा शब्द होता, बरं. ते तिघं बस पकडायला गेले.

मी आठवडाभर स्टुडिओ बंद ठेवला. छत्तीसेक निगेटिव्हमधून बारा निवडली, दर महिन्याचं एक. मोठे प्रिंट काढले. जेठाच्या फोटोत डोहातलं पाणी नीट उजळावं म्हणून पाच वेळा कागद फेकले. काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवले, खाली पांढऱ्या शाईनं महिना लिहिला, मागं स्टुडिओचा शिक्का मारला. निवडतानाही माझं लक्ष कशावर होतं सांगू? एका फोटोत कोपऱ्यात डोंग्याचं टोक आलं होतं, झुडपांमागून डोकावणारं. मी तो बाद केला. घाण दिसत होता.

सुनावणी तालुक्याच्या एका कचेरीत होती. अकराही घरांतली माणसं आली होती, धुतलेले कपडे घालून. बाया बाहेर लिंबाखाली बसल्या. वरच्या मोहल्ल्यातलं कुणीही आलं नव्हतं, त्यांना खाणीत नोकरीचा शब्द मिळाला होता. साहेब पुण्याकडचे, तरुण, सभ्य. आवाज चढवणारे, वसकन अंगावर येणारे साहेब मी पाहिले आहेत, हे तसे नव्हते. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. कारखान्याच्या बाजूनं एक माणूस फाइल घेऊन बसला होता, तो मधूनमधून घड्याळ पाहत होता.

फोटो तीन वर्षांत दर महिन्याला सकाळी जाऊन काढले, असं मी सांगितलं. साहेबांनी ते हातात घेतले आणि थांबून थांबून पाहिले. "वा," ते म्हणाले. "हे आपल्याकडचं आहे? मला काश्मीर वाटलं."

मला अभिमान वाटला. हेही लिहून टाकतो. त्या खोलीत, त्या दिवशी, मला अभिमान वाटला.

"पाणी बारा महिने आहे, हे मान्य," साहेब म्हणाले. "अहवालातलं ते वाक्य चूक आहे. तसं मी नोंदवतो." आम्ही एकमेकांकडं पाहिलं. डोंगेवाल्याच्या शेजारच्या माणसानं हात जोडले. मला वाटलं, जिंकलो.

मग साहेबांनी बाराही फोटो टेबलावर दोन ओळींत मांडले आणि चष्मा काढला. "पण माझ्यापुढं प्रश्न पाण्याचा नाही, वापराचा आहे. वापर कुठं दिसतो?"

ते एकेका फोटोवर बोट ठेवत गेले.

"डोंगा नाही, जाळं नाही, गुरं नाहीत, पाणी भरणारं कुणी नाही. बारा फोटोंत एक माणूस नाही."

"सायेब, आमी रोज तिथीच असतो," डोंगेवाला म्हणाला.

"असाल. पण हे गृहस्थ तीन वर्षं दर महिन्याला गेले, तेही सकाळी. पुरावा तुमच्याच बाजूचा आहे. एकदाही त्यांना कुणी दिसलं नाही?"

मी उभा राहिलो. "साहेब, दिसायचे. मीच त्यांना बाजूला करायचो."

"का?"

खोलीतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली होती. "फोटो चांगला यावा म्हणून," मी म्हटलं.

कारखान्याचा माणूस हसला. कुजकट हसला असं नाही म्हणणार, त्याला खरंच हसू आलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, खोटं बोलणाऱ्याकडं पाहतात तसं. "चांगले आले आहेत," एवढंच म्हणाले, आणि कारकुनाला फोटो फाइलला लावायला सांगितले. लेखी काय आलं ते महिनाभरानं कळलं. तलावात बारमाही पाणी असल्याचं दिसतं, मात्र हरकतदारांनीच हजर केलेल्या छायाचित्रांवरून गावकऱ्यांकडून त्याचा कोणताही वापर होत असल्याचं आढळत नाही.

बाहेर लिंबाखाली बायांनी भाकरी सोडल्या होत्या. मी सायकल काढत होतो तर डोंगेवाला जवळ आला. मला वाटलं आता चार शिव्या घालील. घालायलाच हव्या होत्या. तो म्हणाला, "जेवले काय जी? या, दोन घास खा." मी भूक नाही म्हटलं आणि सायकल दामटली. गाव येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

लोक नंतर मला समजवायचे. म्हणायचे, अरे, फोटो नसते तरी तलाव गेलाच असता, चुन्याच्या दगडापुढं अकरा घरांचं कोण ऐकतं. असेल. बहुतेक तसंच असेल. पण कागदावर जे कारण लिहिलं गेलं ते माझ्या हातचं होतं, ते दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही. मी अर्ज केला, नवे फोटो जोडू द्या म्हणून. नोंद पूर्ण झाली आहे असं उत्तर आलं. दुसरा अर्ज केला त्याला उत्तरच आलं नाही. बाबांना सगळं सांगितलं. ते एका शब्दानं बोलले नाहीत. घाटाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधीच काढली नाही, निदान माझ्यासमोर नाही. बोलले असते तर मी सहन केलं असतं, त्यांचं गप्प राहणं मला जड गेलं.

दिवाळी झाल्यावर मशीन आलं आणि पाळ फोडली. फोडायला मावळतीचंच टोक निवडलं, जिथं माझा दगड होता, तिथं उतार होता. मी गेलो होतो, कॅमेरा घेतला नव्हता. पाणी दोन दिवस नाल्यातून वाहत होतं. मग चिखलात मासे तडफडू लागले आणि सगळं गाव बादल्या, टोपल्या घेऊन उतरलं. वरचा मोहल्ला उतरला, टोला उतरला, अकरा घरंही उतरली. का नाही उतरणार? शेवटचीच वेळ होती. पाळीवर उभं राहून मी पाहत होतो. इतकी माणसं त्या तलावात मी कधी पाहिली नव्हती. त्यांना पाहायला काठावर आणखी माणसं जमली होती. मरळ धरून एक बाई माझ्या शेजारून गेली, ती मोहाखाली बडबडणारी. तिनं मला ओळखलं आणि न बोलता पुढं गेली.

त्यानंतर मी सीनरी काढली नाही. एकदाही नाही. लोक म्हणाले, हात चांगला होता, काऊन सोडलं? मी म्हणायचो, वेळ नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खाण सुरू झाली. दुपारी बार उडाला की स्टुडिओची काच हलायची, आणि पडद्यावर पांढरी धूळ बसायची. दगड फोडायला, भरायला ठेकेदारानं माणसं घेतली. आत जायला पास लागायचा, पासावर फोटो लागायचा, आणि त्या रस्त्यावर फोटोवाला मी एकटा. एका सकाळी दुकानासमोर रांग लागली. रांगेत त्या गावची बरीच माणसं होती, आणि त्यांच्यात डोंगेवाला होता.

पासाला साधी पांढरी भिंत लागते, म्हणून मी पडदा गुंडाळून वर बांधला. त्याची पाळी आली तेव्हा तो स्टुलावर बसला, हात गुडघ्यांवर. त्यानं केस पाण्यानं चापून बसवले होते. हनुवटी वर घ्या म्हटलं, त्यानं घेतली. इकडं पाहा म्हटलं, त्यानं पाहिलं. मी वाकून काचेत पाहिलं तर तो काचेच्या अगदी मधोमध होता. चार वर्षं मी या माणसाला ओळखत होतो आणि त्याचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. माझा हात बटणावरच राहिला.

"भाऊ," मी वर न पाहता म्हटलं, "हे माझ्यानं झालं. मी तुमचं घर बुडवलं."

मी हलू नका असं सांगितलं होतं, म्हणून मान न हलवता तो बोलला. "तुमचं काय त्यात? तुमी सरका म्हनलं, आमी सरकलो. तुमच्या आदी बी लय लोकायनं सरका म्हनलं. तवाच कोनाले तरी नाई म्हनाले पायजे होतं. थे आमच्याच्यानं जमतच नाई जी."

मी बटण दाबलं. आणखी एक काढला, पहिल्यात माझा हात हलला असेल म्हणून. तो उठला, टोपी घातली, आणि दारात थांबून विचारलं, "संध्याकाळवरी भेटन ना फोटो? उद्या सकाळी गेटवर द्याचा हाये."

मी हो म्हटलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.